गादीखालची ओल

आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये एखाद्या मराठी माणसानं ट्रेलर घेतला की त्याला माझा नंबर मिळतो. गाडीला मागे जोडून न्यायचं हे छोटं घर उन्हाळ्यात कुणालाही वापरता येतं. ओहायोच्या हिवाळ्यात, बाहेर पाणी गोठत असताना त्यात सुखानं कसं राहायचं, हे मात्र काकांना विचारा, असं आमच्या मंडळातले लोक एकमेकांना सांगतात. काका म्हणजे मी. मी सांगतोही, कुणी थांबवेपर्यंत सांगतो. पाण्याच्या पाइपला गरम राहणारी पट्टी गुंडाळा. ट्रेलरच्या पोटाखाली वारा शिरू नये म्हणून चारही बाजूंनी फोमचे तक्ते लावा. गॅसचं एक सिलिंडर कायम भरलेलं ठेवा. आणि गादीखाली हवा खेळू द्या.

हा शेवटचा सल्ला देताना मी समोरच्याकडे बघत नाही. "गादीखाली कशाला हवा, काका?" असं कुणी विचारलं तर ओल धरते एवढंच सांगतो आणि सिलिंडरकडे वळतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असली माझी गत आहे. ते ब्रह्मज्ञान मला कसं झालं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. बाबा पोस्टातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण साताऱ्यात अजूनही ते सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतात, जायचं कुठे नसलं तरी. स्वतःचे कपडे स्वतः धुतात. माझ्या आठवणीत त्यांनी आईलासुद्धा कधी बनियन धुवायला दिलेला नाही. अमेरिकेत आल्यावर त्यांनी माझं घर पाहिलं, गराज पाहिलं, तळघर पाहिलं आणि प्रत्येक ठिकाणी एकदाच "छान आहे" म्हणाले. एवढंच. मला त्याहून जास्त काहीतरी हवं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बापाची शाबासकी कशाला लागते, असं कुणी विचारील. लागते.

त्याच उन्हाळ्यात मी ट्रेलर घेतला होता, वापरलेला. दोन-तीनदा बाहेर नेला होता आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. ख्रिसमसच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन दक्षिणेकडच्या टेकड्यांत जायचं, असं मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "अरे, थंडी बघ ना यार. त्यांना कशाला त्या डब्यात? आपण हॉटेल बुक करू."

"हॉटेलात आईला वरणभात कोण देणार?" मी म्हणालो.

वरणभाताचा काही संबंध नव्हता. मला बाबांना दाखवायचं होतं की बाहेर बर्फ पडतोय आणि तुमचा मुलगा तुम्हाला आत गरम ठेवतोय. बायकोनं ते ओळखलं असणार, कारण ती पुढे वाद न घालता लोणच्याची बरणी काढायला गेली.

मी तयारी जोरात केली. छताला दोन झडपा असतात, हवा बाहेर जायला. त्यात मी उशा कोंबल्या. खिडक्यांना आतून चकचकीत फॉइल लावली. दाराच्या फटीशी गोधडीची वळकटी ठेवली. ऊब बाहेर जाता कामा नये, हे एकच सूत्र डोक्यात होतं. ट्रेलरच्या गॅसवर चालणाऱ्या भट्टीतली गरम हवा आत फिरायला लागली तेव्हा ट्रेलर इतका उबदार झाला, की आईनं स्वेटर काढून ठेवला आणि म्हणाली, "आपल्या घरापेक्षा बरं आहे की रे." मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीची कडी चाचपत होते.

त्यांना बंद खोलीत झोप येत नाही. साताऱ्यात जानेवारीतसुद्धा त्यांच्या उशाची खिडकी बोटभर उघडी असते. इथेही त्यांनी ती बोटभर सरकवली. मी लगेच उठून बंद केली.

"कोंडल्यासारखं होतं रे," ते म्हणाले.

"बाबा, बाहेर उणे आठ आहे. भट्टी काय आख्ख्या ओहायोला तापवणार का?"

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा बोटभर उघडी दिसली. मी त्या फटीवर चिकटपट्टी लावली, आडवी आणि मग उभी. बाबांनी पाहिलं. मी तसं केलं नसतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. हे आता कळून काय उपयोग?

आई-बाबांना मी मागच्या कोपऱ्यातला पलंग दिला होता. त्याला पडदा होता, म्हणून ती आमची 'बेडरूम'. पलंग म्हणजे एक लाकडी फळी, वर गादी. एका बाजूला बाहेरची भिंत आणि फळीखाली सामान ठेवायचा पोकळ खण, ज्याला भट्टीची हवा पोचत नव्हती. आम्ही दोघं पुढच्या बाजूला, जेवणाचं टेबल खाली करून त्यावर झोपायचो.

मग सुरू झाला आमचा संसार. सकाळी चहा, दुपारी कुकरच्या तीन शिट्ट्या, संध्याकाळी परत तीन. आई-बाबा दोघांनाही सर्दी झालेली, आईला वर खोकला, म्हणून दिवसातून दोनदा टोपात पाणी उकळून डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा. बाबांनी आल्या आल्या एका कपाटाच्या कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत सुतळी बांधली आणि रोज धुतलेला बनियन तिच्यावर वाळत घातला. चार माणसांचा श्वास, चार माणसांचा स्वयंपाक, ओले कपडे आणि झडपांत कोंबलेल्या उशा. खिडक्यांच्या कडेनं पाण्याचे ओघळ यायला लागले.

"हे काय गळतंय?" बाबांनी विचारलं.

मी खूश झालो. विचारलं एकदाचं. मी थंड पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि तो बाहेरून ओला होईपर्यंत त्यांना थांबवून ठेवलं. मग समजावलं, की गरम हवेत पाणी असतं, ती थंड वस्तूला लागली की ते पाणी तिथे जमतं. काच थंड, म्हणून काचेवर.

"म्हणजे पेल्याला घाम फुटतो," बाबा म्हणाले.

"घाम नाही हो बाबा. हवेतलं पाणी आहे ते. कुठलीही थंड वस्तू असली तरी हेच होणार."

कुठलीही थंड वस्तू. हे माझे स्वतःचे शब्द आहेत, म्हणून ते इथे मुद्दाम लिहितो. दुपारी चारच्या सुमारास मी ते बोललो.

त्यानंतरच्या सकाळी बाबा टॉवेल-साबण घेऊन समोरच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेले होते. कॅम्पग्राउंडचं ते न्हाणीघर गरम असायचं आणि त्यांना ते आवडायचं. आई गॅसपाशी चहा करत होती. मला पलंगाखालच्या खणातून पाइपचा एक तुकडा हवा होता, म्हणून मी पांघरूण बाजूला सारून गादी उचलली. हाताला गार, ओलं लागलं. गादी खालून भिजलेली होती, भिंतीकडच्या कडेची चादरही दमट होती. मी वाकून वास घेतला. आणि मला वास आला.

तिथे कसला वास होता ते मला आज माहीत आहे. ओल्या लाकडाचा. पण तेव्हा माझ्या नाकानं तेच हुंगलं जे माझ्या डोक्यात आधी आलं होतं. आदल्या दिवशीचा पेला मला आठवला नाही. बाबांचं वय आठवलं.

बायको भांडी पुसत होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "बाबांचं रात्री कंट्रोल राहत नाहीये. गादी ओली आहे."

हळूच म्हणजे किती हळू? त्या ट्रेलरमध्ये कुणी मनातल्या मनात बोललं तरी ऐकू जाईल एवढीच जागा. गॅसपाशी आईचा चमचा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. तिनं मागे वळून बघितलं नाही.

"अरे, नक्की का?" बायको म्हणाली. "खिडकीचं पाणी आलं असेल."

"खिडकी कुठे, गादी कुठे," मी म्हणालो. "या वयात होतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मी हँडल करतो."

मी हँडल केलं. गाडी काढून वीस मिनिटांवरच्या गावातल्या मोठ्या दुकानात गेलो, गादीवर घालायचं प्लास्टिकचं आवरण घेतलं आणि मोठ्यांच्या डायपरचं एक पाकीट घेतलं. त्यावर पांढऱ्या केसांच्या एका जोडप्याचा हसरा फोटो होता. वाटेत मी वाक्यं जुळवत आलो. मी किती समंजस मुलगा आहे, वडिलांच्या अडचणीत कसा न चिडता मार्ग काढतो, असंही मनात येऊन गेलं. ते आठवलं की आजसुद्धा कानशिलं गरम होतात.

परतलो तेव्हा बाबा ट्रेलरबाहेर उभे होते, मफलर, कानटोपी, इस्त्रीची पँट. मी त्यांना गाडीच्या पलीकडे नेलं आणि पिशवी हातात दिली.

"बाबा, हे इकडे सगळे वापरतात. प्रवासात वगैरे. गादी थोडी ओली दिसली म्हणून आणलं."

त्यांनी पिशवीत बघितलं. पाकिटावरचा फोटो बराच वेळ बघितला. "कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, ऐकायचं नाहीये त्यांना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला असेल. "बाबा, माझ्यापाशी कसली लाज?"

बाबांनी ट्रेलरच्या खिडकीकडे बघितलं. फॉइलच्या कडेनं आत आई दिसत होती, तोंडावर पदर धरून खोकत असलेली. ते तसेच बघत राहिले. मग त्यांनी पिशवीचं तोंड दोनदा पिळून बंद केलं आणि म्हणाले, "बरं. मी वापरीन. पण तिच्यापाशी यातलं एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मी म्हणालो. एका म्हाताऱ्या माणसाचा मान आपण राखला, असं मला वाटलं.

त्यांनी ते वापरलं. रोज संध्याकाळी टॉवेलात गुंडाळून न्हाणीघरात घेऊन जायचे आणि बदलून यायचे. इस्त्रीच्या पँटीऐवजी ढगळ पायजमा घालायला लागले. पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचे ते बंद झालं. सुतळी त्यांनी स्वतःच सोडून, गुंडाळी करून माझ्या हातात दिली. प्लास्टिकच्या आवरणामुळे चादर आता कोरडी राहायला लागली आणि मी ते माझ्या निदानाचा पुरावा मानला. गादी खालून उचलून बघायची मला गरज वाटली नाही.

घरी आल्यावर मी त्यांच्या खोलीतल्या पलंगावरही प्लास्टिक घातलं. बाबांनी हरकत घेतली नाही. फेब्रुवारीत ते परत गेले. विमानतळावर पाया पडलो तेव्हा बाबा म्हणाले, "ट्रेलर छान आहे."

पुढचं वर्ष नेहमीसारखं फोनवर गेलं. आई कधीकधी हसत तक्रार करायची. "अरे, ह्यांचं काहीतरीच नवीन. चारनंतर चहा नाही. पाणीसुद्धा मोजून. आणि रात्रीत दोनदा मला हलवून उठवतात, चल म्हणे, जाऊन ये. मी काय लहान आहे का?" मीही हसायचो आणि बाबांची बाजू घ्यायचो. म्हटलं, एकटं उठायला नको वाटत असेल त्यांना. मला सगळं ठाऊक आहे असा माझा सूर असायचा.

मे महिन्यात नागपूरच्या आत्याच्या नातीचं लग्न होतं. बाबांना ही एकच बहीण. पण लग्नाला जायचं म्हणजे रात्रीची गाडी आणि वर चार दिवस दुसऱ्याच्या घरी मुक्काम. बाबांनी गुडघ्याचं कारण सांगून दोघांचं जाणं रद्द केलं. आत्यानं मला फोन केला. "तुझ्या बापाला आता बहीणसुद्धा नकोशी झाली का?" म्हणाली आणि रडली.

मला तिचं रडणं ऐकवेना. मी म्हणालो, "आत्या, तसं नाही गं. त्यांना रात्रीचा थोडा प्रॉब्लेम आहे. कुणाला सांगू नकोस."

"अगंबाई," आत्या म्हणाली. "बरं बरं. मी कशाला सांगू कुणाला?" म्हणजे आठवडाभरात अर्ध्या नागपूरला कळलं असणार. ते शब्द परत घ्यायला नंतर मला जो फोन करावा लागला, त्याबद्दल लिहायचं धाडस होत नाही.

गेल्या डिसेंबरात बायको आणि मी दोघंच ट्रेलर घेऊन त्याच टेकड्यांत गेलो. या वेळी मागचा पलंग आम्ही घेतला. भिंतीकडे मी. दुसऱ्या सकाळी जाग आली ती पाठीला गार लागलं म्हणून. हात फिरवला तर चादर ओली.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? माझा पायजमा चाचपला. बावन्नाव्या वर्षी, पडद्याआड, बायकोची पाठ माझ्याकडे असताना, चोरासारखा. पायजमा कोरडा होता. मग उठून गादी उभी केली. खालची फळी पाण्यानं चमकत होती. फळीच्या कडेला काळ्या बुरशीचे जुने डाग होते, एका हिवाळ्यात न झालेले. मी फळीला हात लावला. बर्फासारखी गार. कुठलीही थंड वस्तू असली तरी हेच होणार, बाबा.

बायको जागी होऊन बघत होती. तिनं नुसता टॉवेल आणून दिला.

आमच्या शेजारच्या जागेवर एक गोऱ्या आजी होत्या, निवृत्त नर्स. आख्खा हिवाळा ट्रेलरमध्येच राहायच्या. मी गादी बाहेर काढून गाडीला टेकवली तशा त्या कॉफीचा मग घेऊन आल्या आणि एका नजरेत त्यांना सगळं कळलं. त्यांनी मला आत नेऊन त्यांचा पलंग दाखवला. गादीखाली लाकडी पट्ट्या, बोटभर अंतर सोडून मारलेल्या. छताची झडप किंचित उघडी. कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं लहानसं यंत्र. खिडकीही बोटभर उघडी होती. ऊब थोडी बाहेर जाऊ द्यायची असते, त्या म्हणाल्या, तरच आत कोरडं राहतं.

मग त्या हसल्या. "पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांना वाटतं कुत्र्यानं केलं. माझ्या नवऱ्यानं तर बिचाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला किती दिवस गाडीत झोपवलं. तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

घरी परतल्यावर बाबांना लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. मी आधी पट्ट्या कापल्या, ठोकल्या, यंत्र आणलं, फळी घासून रंगवली. डागांचा एक कोपरा मात्र तसाच सोडला, का ते मलाही सांगता येणार नाही. मग मंडळाच्या ग्रुपवर थंडीतल्या ट्रेलरबद्दल एक लांबलचक पोस्ट टाकली. त्यात गादीखालच्या हवेबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद होता. लोकांनी अंगठे आणि टाळ्या पाठवल्या. कुणीतरी लिहिलं, काका, तुम्ही पुस्तक काढा.

बायकोनं जेवताना मोबाइल उपडा ठेवला. "सगळ्या ग्रुपला सांगितलंस," ती म्हणाली. "बाबांना सांगितलंस का?"

"सांगतो ना. वीकेंडला."

"तीन वीकेंड गेले."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्यांना काय वाटेल याची नव्हे, मी त्यांच्यासमोर काय दिसेन याची. वर्षभर त्या माणसानं स्वतःला अपंग समजून काढलं, पाणी तोडलं, बहिणीकडे जाणं तोडलं, आणि मी त्यांना काय सांगणार? की पेला समजावला मी आणि विसरलोही मीच.

शेवटी जानेवारीतल्या एका शनिवारी ट्रेलर घरासमोर आणून उभा केला होता, तेव्हा सकाळी साडेसातला मी त्यात जाऊन बसलो आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे सहा. बाबा ओसरीत खुर्चीवर होते, अंगात स्वेटर, कपाळापर्यंतच स्क्रीनमध्ये.

"बाबा, एक सांगायचं होतं. ट्रेलरमधलं."

"हं."

"ती गादी तुमच्यामुळे ओली झाली नव्हती."

मी गादी उचलून फोन फळीवर फिरवला, डागांचा कोपरा दाखवला. वाफ, कुकर, वाफारा, झडपांतल्या उशा, चिकटपट्टी, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणालो, "माझं चुकलं, बाबा. मी न बघता, न विचारता तुम्हाला ते पाकीट आणून दिलं."

"माझ्यामुळे नव्हती ते मला माहीत होतं," बाबा म्हणाले. "माझा पायजमा कोरडा होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

बाबांनी खुर्चीत मागे वळून बघितलं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी फोन तोंडाजवळ आणला आणि आवाज खाली घेतला. "तिला खोकला होता ना तेव्हा."

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, एवढा मी हुशार. "पण मग तुम्ही ते वापरलंत कशाला?"

"मी घेतलं नसतं," बाबा म्हणाले, "तर तू ते तिला नेऊन दिलं असतंस."

खोकताना आईला आवरलं नसेल, असं ते वर्षभर धरून चालले होते. गाडीआड त्यांनी विचारलं होतं, कुणासाठी. चारनंतरचा चहा, रात्री दोनदा उठवणं, नागपूरचं लग्न. त्यातलं काहीच त्यांचं स्वतःसाठी नव्हतं. आणि मी आत्याला त्यांचं नाव घेऊन सांगून मोकळा झालो होतो.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा हिशोब अजून चालला होता असं दिसत होतं, कारण त्यांनी विचारलं, "म्हणजे तिच्यामुळेसुद्धा नव्हती?"

"नाही, बाबा. कुणामुळेच नव्हती."

"वर्ष झालं," ते म्हणाले. मला नाही, नुसतंच. "वर्षभर चहा तोडला तिचा."

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं की नाही माहीत नाही. त्यांनी फोन मांडीवर ठेवला असावा, कारण मला एकदम छताचा पंखा दिसायला लागला. मग त्यांचा आवाज आला, मोठा.

"अगं, चहा टाक."

"आत्ता?" आतून आई. "सहा वाजून गेलेत."

"हो, आत्ता. दोघांना. पूर्ण कप."

भांड्यांचा आवाज थांबला. आईची पावलं जवळ आली. तिला फोन दिसला नसणार, कारण ती अगदी हळू, त्यांच्या कानाशी बोलल्यासारखी म्हणाली, "माझं राहू दे हो. मी घेतला की तुम्हाला मोह होतो. तुम्हाला रात्री चालेल का पण? तिथे गादीवर झालं होतं तेव्हा मी ऐकलं होतं सगळं. मी कधी बोलले का त्यावर?"

पंख्याच्या जागी बाबांचा चेहरा आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन बंद केला.